घसरण आणि पकड

दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहण लिहिताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं. म्हणजे रचना काय म्हणते, ते कशा घडणीतून म्हणते आणि कोणत्या भाषेत म्हणते. हे तीन प्रश्न कवितेपुरतेच राखून ठेवायचं काही कारण नाही. माणसाने विचारपूर्वक घडवलेली कोणतीही गोष्ट त्यांना उत्तर देऊ शकते. इथे वाचायला घेतलेली रचना जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या इंजिनामागे बसते. टॉर्क कन्व्हर्टर, त्याच्या पोटातला लॉकअप क्लच आणि या दोघांमध्ये फिरणारं लाल तेल, म्हणजे एटीएफ, असे तिचे तीन घटक. यातल्या तेलाकडे वाचकाचं लक्ष सर्वांत कमी जातं आणि रचनेचा सगळा भार त्याच्यावरच असतो.

वाचनाची जागा उत्तर नागपुरातला जरीपटका. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभा केलेला हा बाजार संध्याकाळी इतका भरतो की चारचाकी तिथे चालत नाही, सरकते. दुचाकी आडवी येते, ई-रिक्षा मध्येच थांबते, दहा फूट पुढे जायचं आणि पुन्हा ब्रेक. तिथून जवळच इंदोरा चौक आणि कामठी रोड. कामठी रोडवर आता रस्त्यावर रस्ता चढला आहे: जमिनीवर नेहमीची गर्दी, तिच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. मेट्रोच्या या टोकाच्या स्थानकाचं नाव ऑटोमोटिव्ह चौक. खालच्या गर्दीत गाडीला सतत अडखळावं लागतं, वर पुलावर एकसारखं धावता येतं. टॉर्क कन्व्हर्टरला आयुष्यभर या दोनच परिस्थितींना तोंड द्यायचं असतं, आणि त्या दोन्ही जरीपटक्याच्या माणसाला एकाच फेरीत भेटतात.

नमुन्यादाखल दोन गाड्या घेऊ, दोन्ही महाराष्ट्रात जुळवलेल्या. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत भारतात कंपनी स्थापली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जुळवायला सुरुवात केली. तिच्यानंतर डब्ल्यू २१० आली. कारखाना पुढे २००९ मध्ये चाकणला गेला, पण त्या काळातल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे पोचलेली अशी गाडी आज नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते. डब्ल्यू १२४ साठी कंपनीने केलेल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये लॉकअप नव्हतं. १९९६ नंतरच्या डब्ल्यू २१० मध्ये ७२२.६ या क्रमांकाचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आला आणि त्यात लॉकअप होतं. एकाच घराण्यातल्या या दोन पिढ्या शेजारी ठेवल्या की कशात काय बदललं हे स्पष्ट दिसतं.

आधी आशय. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाला थांबता येत नाही. ठरावीक फेऱ्यांच्या फार खाली ते गेलं की बंद पडतं. चाकांना मात्र चौकाचौकात पूर्ण थांबावं लागतं. हातगिअरच्या गाडीत हा तंटा चालकाच्या डाव्या पायावर सोपवलेला असतो. ऑटोमॅटिकमध्ये तो तेलाकडे दिला आहे. इंजिनाने फिरावं, चाकांनी थांबावं, तरी दोघांचा संबंध तुटू नये. संबंध राखून मोकळीक देणं हा या रचनेचा आशय.

आता घडण. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांचं उदाहरण सगळे देतात: एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. उदाहरण सोपं आहे, पण त्यात तिसरं पात्र गाळलेलं आहे आणि खरी कमाल त्याचीच आहे. इंजिनाला जोडलेला पंप तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो. ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं आणि तिला फिरवतं. टर्बाइनमधून परतताना तेलाची दिशा उलटलेली असते. तसंच ते पंपात शिरलं तर पंपालाच अडवेल. म्हणून दोघांच्या मध्ये स्टेटर बसवला आहे. तो परतीच्या तेलाला वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेला लावतो. त्यामुळे तेलात उरलेला जोर वाया न जाता पुन्हा कामाला येतो आणि गाडी जागेवरून उचलताना टर्बाइनच्या दांड्यावर इंजिनाच्या साधारण दुप्पट टॉर्क मिळतो. दोन पंख्यांमध्ये हे कधीच घडत नाही. तिथे मिळतं ते दिलेल्यापेक्षा जास्त नसतं.

जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. तो स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता आणि त्याची अडचण गाडीची नव्हतीच. वाफेची टर्बाइन वेगाने फिरते, जहाजाच्या पंख्याला मंद फिरायचं असतं, हा त्याचा प्रश्न. स्टेटरला एकाच दिशेने फिरू देणारा फ्रीव्हील नंतर आला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कार्ल्सरूहेच्या ट्रायलोक या संशोधकगटाने ती भर घातली. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचला की परतीचं तेल स्टेटरच्या पात्यांच्या पाठीवर आदळू लागतं. तेव्हा फ्रीव्हील सुटतो आणि स्टेटर प्रवाहाबरोबर फिरू लागतो. जोर वाढवण्याचं काम संपल्याचं त्याला कोणी सांगत नाही, प्रवाहाच्या दिशेवरून ते आपोआप ठरतं. ना सेन्सर, ना तार. या घडणीतली मला सर्वांत आवडणारी जागा ही.

तेलातून ओढ पोचवण्याची ही विद्या नागपूरला परकी नाही. जरीपटक्याच्या दक्षिणेला, कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं शेड होतं आणि आता तिथे संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या अडीच फुटी रुळांवर गाड्या ओढणारी झेडडीएम-४ए ही चित्तरंजनची इंजिनं डिझेल-हायड्रॉलिक होती. त्यांचा जोरही चाकांपर्यंत तेलातूनच जायचा. आवाका वेगळा, तत्त्व तेच.

पण तेलाने दिलेल्या मोकळिकीची किंमत असते. टर्बाइन पंपाला कधीच पूर्ण गाठत नाही. एकसारख्या वेगातही दोन ते पाच टक्के, कधी त्याहून जास्त घसरण राहतेच. मध्यम आकाराच्या गाडीला ताशी ८० किलोमीटरने सपाट रस्त्यावर धावायला सुमारे १० किलोवॉट लागतात असं धरलं, तर पाच टक्के घसरण म्हणजे अर्धा किलोवॉट निव्वळ उष्णता. ती सगळी तेलात जाते आणि तिचे पैसे पेट्रोल पंपावर मोजावे लागतात. जरीपटक्याच्या बाजारात ही घसरण वरदान आहे. उड्डाणपुलावर तीच उधळपट्टी ठरते.

त्यावरचा उपाय लॉकअप. पंप आणि टर्बाइन यांना काही काळ यांत्रिक मिठीत घ्यायचं, म्हणजे घसरणच संपली. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक या गिअरबॉक्समध्ये हे करून दाखवलं. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं, ग्राहकाला मऊपणा हवा होता, म्हणून कल्पना मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये गाड्यांच्या इंधनखर्चावर कायदा केला, तो १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झाला, आणि त्याच वर्षी क्रायस्लरने टॉर्कफ्लाइटमध्ये लॉकअप आणलं. ते फक्त सर्वांत वरच्या गिअरमध्ये लागायचं आणि पूर्णपणे तेलाच्या दाबावर चालायचं. पुढच्या काही वर्षांत ते जगभर पसरलं.

जुन्या साध्या लॉकअपची घडण बघण्यासारखी आहे. कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पातळ पिस्टन-तबकडी असते, तिच्यावर कागदासारख्या तंतूंचं अस्तर. एरवी तेल तबकडी आणि झाकण यांच्या फटीतून आत शिरतं, त्यामुळे दोघं एकमेकांपासून दूर राहतात. कुलूप लावायचं असलं की एक व्हॉल्व्ह प्रवाहाची दिशा उलटवतो. फटीतलं तेल निचऱ्याला लागतं, मागच्या तेलाचा दाब तबकडीला झाकणावर दाबतो आणि इंजिन सरळ गिअरबॉक्सच्या दांड्याशी जोडलं जातं. नवा पंप नाही, वेगळा द्रव नाही. जे तेल दोघांना वेगळं ठेवत होतं तेच उलट्या वाटेने येऊन त्यांना एकत्र आणतं. इतक्या कमी शब्दांत इतका मोठा अर्थपालट करणं फार थोड्या कवींना जमतं.

गाडी चालवताना हे कुठे वाचायचं? टॅकोमीटरवर. पुलावर चढून गाडी वरच्या गिअरमध्ये गेली, ॲक्सिलरेटरवर पाय हलका स्थिर ठेवला, की थोड्या वेळाने काटा दोनशे-तीनशे फेऱ्यांनी खाली येतो. वेग तोच असतो, गिअर बदलल्याचा धक्का नसतो. अनेकांना तो जादा गिअर वाटतो. ते लॉकअप असतं. ब्रेकला नुसता पाय लावला की बहुतेक गाड्यांत कुलूप सुटतं आणि काटा पुन्हा किंचित वर सरकतो.

इथे लॉकअपबद्दलचा एक सोयीस्कर समज तपासायला हवा. कुलूप लागलं, आता धातूला धातू भिडला, तेलाचं काम संपलं, असं वाटतं. घडतं याच्या उलट. कुलूप लागण्याच्या आणि सुटण्याच्या क्षणी तबकडी आणि झाकण यांच्यात तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि पुढचं सगळं त्या थराच्या स्वभावावर ठरतं. कन्व्हर्टरमध्ये तेल नुसतं वाहत होतं. फटीत त्याला घर्षण सांभाळावं लागतं.

जुन्या गाडीत ताशी साठ-सत्तरला, हलक्या ॲक्सिलरेटरवर, सीटमधून आणि स्टिअरिंगमधून बारीक थरथर जाणवते. दोन-चार सेकंद राहते, जाते, पुन्हा येते. मालक प्लग बदलतो, इंजिनाचे माउंट बदलतो, चाकांचं बॅलन्सिंग करतो. थरथर चालू असताना डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श केला आणि ती तत्क्षणी थांबली, तर संशय लॉकअपवर घ्यायला जागा असते. ही थरथर आणि सारंगीचा सूर एकाच नियमातून निघतात. गज तारेला धरतो, ओढतो, तार सुटते, पुन्हा धरली जाते. घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होतं, वेग घटला की वाढतं, म्हणून हे धरणं-सोडणं आपोआप चालू राहतं. गजाला राळ लावतात ती नेमकं हेच व्हावं म्हणून. एटीएफमध्ये राळेच्या बरोबर उलट काम करणारी द्रव्यं घातलेली असतात. त्यांचे लांब रेणू एका टोकाने पोलादाला चिकटतात आणि मंद घसरणीत घर्षण कमी ठेवतात, म्हणजे वेगाबरोबर घर्षण किंचित वाढत जातं आणि पकड शांतपणे बसते. तापून, ऑक्सिडेशन होऊन हे रेणू संपले की तेलाचा स्वभाव राळेकडे झुकतो आणि कन्व्हर्टर वाजायला लागतो.

आता भाषा, म्हणजे स्वतः तेल. त्याचे शब्द डब्यावर छापलेले असतात, पण ते त्यांच्या काळासह वाचावे लागतात. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये टाइप ए हा पहिला दर्जा ठरवला. त्या काळच्या एटीएफमध्ये घर्षण मऊ करायला स्पर्म व्हेलचं तेल वापरत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. डेक्स्रॉन-२ ही त्या शोधाच्या काळातली पिढी. त्याच सुमारास फोर्डची वाट वेगळी होती. १९६७ चं त्यांचं टाइप एफ मुद्दाम मऊपणाविना केलेलं होतं, म्हणजे क्लच पटकन आणि कडक पकडायचे. दोन्ही तेलं लाल, दोन्ही पातळ, पण एकाच्या गिअरबॉक्समध्ये दुसरं ओतलं की चालीचा बाजच बदलायचा. लाल रंग गुणवत्तेचा पुरावा नव्हे. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची नाही हे ओळखू यावं म्हणून तो रंग घालतात.

१९९३ मध्ये डेक्स्रॉन-३ आलं, २००५ च्या सुमारास डेक्स्रॉन-६. जनरल मोटर्सने २००६ अखेर तिसऱ्या पिढीचे परवाने देणं थांबवलं, त्यामुळे आज दुकानात डब्यावर तिच्याशी 'सुसंगत' असं लिहिलेलं तेल मिळतं. सहावी पिढी जास्त टिकाऊ आहे आणि कंपनीच्या मते मागच्या डेक्स्रॉनऐवजी चालते. पण ती जाणूनबुजून पातळ केलेली आहे: १०० अंशांना तिची स्निग्धता ६.४ सेंटिस्टोकच्या वर जाता कामा नये, तर तिसरीची नवेपणी साधारण सातच्या पुढे असायची. झिजलेल्या सीलच्या आणि सैल झालेल्या व्हॉल्व्हच्या पंचवीस वर्षांच्या गिअरपेटीत हा फरक दाबात दिसू शकतो. म्हणून दुकानदाराने 'सगळ्यात नवीन हेच' म्हटलं तरी जुन्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेला दर्जा आधी बघावा. मर्सिडीजचे आकडे वेगळे: ७२२.६ साठी २३६.१०, नंतर २३६.१२ आणि २३६.१४. जुन्या चार गिअरवाल्याची गरज याहून साधी, डेक्स्रॉन-२ आणि ३ च्या घराण्यातली.

या दोघांत तेलावरचं अवलंबित्व किती वाढलं, ते इथे ध्यानात येतं. डब्ल्यू १२४ च्या चार गिअरमध्ये घसरण शेवटपर्यंत राहते. पेट्रोल थोडं जास्त जातं, पण लॉकअपच नसल्यामुळे त्याची थरथरही नाही. ७२२.६ नुसतं कुलूप लावत नाही. संगणक तबकडीला मिनिटाला थोड्या फेऱ्यांइतकं मुद्दाम घसरू देतो, म्हणजे इंजिनाचे ठोके प्रवाशापर्यंत पोचत नाहीत आणि इंधनही वाचतं. पूर्ण घसरण नाही, पूर्ण पकडही नाही. ऐकायला नाजूक, चालवायला सुरेख, पण याचा अर्थ तो पातळ थर आता क्षणभर नव्हे, मैलोन्‌मैल काम करतो. तेल इथे सुटा भाग झालं आहे, क्लचप्लेटइतकाच महत्त्वाचा.

म्हणूनच इथे तेलातली भेसळ महागात पडते. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरमधून फिरतं. कूलर आतून फुटला की कूलंटमधलं ग्लायकॉल तेलात शिरतं आणि अस्तराच्या कागदी तंतूंची व चिकटपदार्थाची वाट लावतं. २००० च्या आसपासच्या मर्सिडीज गाड्यांत थरथरीचं हे कारण मेकॅनिकांना चांगलं ठाऊक आहे. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. रेडिएटर आधी, मग धुलाई, आणि अस्तर गेलं असेल तर कन्व्हर्टरही. दुसरी ठरलेली जागा म्हणजे पेटीच्या अंगातून बाहेर येणारा विजेचा प्लग. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल वायरच्या आतून चढत थेट संगणकापर्यंत पोचतं. रिंगा बदललेला नवा प्लग फारसा महाग नसतो. संगणक असतो.

यात नागपूरचं ऊन मिळवा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. एटीएफचं रोजचं तापमान ८० ते ९५ अंश, आणि प्रत्येक दहा अंश वाढीला तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा रसायनशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात बाजारात एसी लावून सरकणारी गाडी तेलाला सर्वांत वाईट वागवते: कुलूप लागत नाही, घसरण सगळ्यात जास्त, आणि कूलरवर येणारी हवाच तापलेली. त्यामुळे थंड देशासाठी लिहिलेला बदलाचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नये.

गॅरेजमध्ये एक सल्ला नेहमी मिळतो: 'जुनं तेल काढू नका, पेटी स्लिप मारेल.' त्यात अनुभव आहे, निदान चुकीचं आहे. ज्यांच्या क्लचप्लेटा आधीच संपल्या आहेत तेच लोक बहुधा शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतात. अस्तर उगवणारं तेल अजून कोणी केलेलं नाही, म्हणून पेटी जाते आणि दोष नव्या तेलावर येतो. चेंबर उघडल्यावर तळाच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असणं स्वाभाविक आहे. चमकणारे तुकडे आणि जळका वास असेल तर निर्णय तेलाच्या पलीकडे गेलेला असतो.

गुण सांगून झाले, आता दोष. चार गिअरच्या जुन्या पेटीला डिपस्टिक होती. मालक इंजिन चालू ठेवून पट्टी काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा आणि तेलाची पातळी, रंग, वास स्वतः बघायचा. ७२२.६ मध्ये नळी ठेवली, पट्टी काढून घेतली आणि तोंडावर फक्त वर्कशॉपने उघडायचं टोपण लावलं. तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे असं सांगण्यात आलं. पुढे कंपनीनेच ६०,००० किलोमीटरला बदल सुचवला, तेव्हा ते आयुष्य कोणाचं हे कळलं. ज्या रचनेत तेलावरचा भार सर्वाधिक वाढवला तिथेच तेल बघायची सोय काढून टाकली, ही मला या घडणीतली खरी चूक वाटते, अभियांत्रिकीतली कमी आणि वाचकाबद्दलच्या अविश्वासातली जास्त. सुदैवाने ती दुरुस्त करता येते. या पेटीसाठी मोजपट्टी वेगळी विकत मिळते. तेल ८० अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये पातळी बघायची, आणि नागपुरात ६०,००० च्या आकड्याची वाट न पाहता तेल व फिल्टर बदलायचे. जरीपटक्यात अशी गाडी घेणाऱ्याने आधी पट्टी घ्यावी, मग सीटकव्हर.